पलूसला मुक्त संगणकाचं दुकान टाकताना

ही मार्गदर्शिका पूर्ण नवशिक्यांसाठी आहे. जाणकार माणूस या धंद्यात उतरत नाही, त्यामुळे त्याच्यासाठी वेगळी आवृत्ती काढलेली नाही.

माल ओळखा

लिनक्ससारखं मुक्त सॉफ्टवेअर तुम्हाला फुकट मिळतं. त्याचा कोड वाचता येतो, बदलता येतो, शेजाऱ्याला देता येतो. अडचण त्याच्या खालच्या लोखंडात आहे. लॅपटॉपचं बटण दाबलं की तुमच्या लिनक्सच्या आधी बरीच मंडळी उठून कामाला लागलेली असतात. मशीन जागं करणारा बायॉस उठतो, वायफाय कार्डातलं फर्मवेअर, म्हणजे त्या तुकड्यातच भरून दिलेलं सॉफ्टवेअर, उठतं, ग्राफिक्स चिपमधलं उठतं. शिवाय २००८च्या सुमारापासून इंटेलच्या जवळपास प्रत्येक मशीनमध्ये मॅनेजमेंट इंजिन नावाचा एक मुक्कामी पाहुणा असतो. मशीन बंद दिसलं तरी, वीज जोडलेली असेल तर तो जागा राहू शकतो. पावती तुमच्या नावावर आहे, पण यांच्या आत काय लिहिलंय ते बघायची सोय नाही.

असे बंद तुकडे ज्यात नाहीत किंवा कमीत कमी आहेत, ज्याचे आराखडे आणि चिपांची माहितीपत्रकं कुणालाही मिळतात, ते आपलं हार्डवेअर. ते विकून पोट भरतं का, हा प्रश्न जगातल्या बऱ्याच हुशार लोकांनी स्वतःच्या आणि त्याहून जास्त दुसऱ्यांच्या पैशांनी विचारून पाहिला आहे. आता तुम्ही तो सांगली जिल्ह्यातल्या पलूसमध्ये विचारणार आहात.

जागा

दुकान मोटार रिवायंडिंगवाल्याच्या शेजारी घ्या. भाडं थोडं जास्त पडलं तरी चालेल. कारण पुढे येईल.

मालाची पहिली वाट: जुनं मशीन सोडवणं

सगळ्यात कमी भांडवलाची वाट हीच. २००८ सालचा थिंकपॅड एक्स-२०० किंवा टी-४०० जुन्या बाजारातून आणा. ही मॉडेलं घ्यायचं कारण असं की यांच्यातलं मॅनेजमेंट इंजिन मुळापासून उपटून टाकता येतं. त्यानंतरच्या पिढ्यांत ते पूर्ण काढलं तर मशीन अर्ध्या तासानं आपोआप बंद पडतं. २०१३ पासून इंटेलनं आणखी एक सोय केली: उत्पादकाची सही नसलेला बायॉस मशीननं चालवायलाच नकार द्यावा, अशी किल्ली चिपमध्ये कायमची कोरून ठेवण्याची. म्हणजे तुम्ही विकत घेतलेल्या घराची किल्ली बिल्डरकडे. मुक्तीच्या दृष्टीनं थिंकपॅडचं वय जितकं जास्त तितकं बरं, आणि गिऱ्हाइकाच्या दृष्टीनं नेमकं उलट. तुमच्या धंद्याचा सगळा पेच या एका वाक्यात आहे. ते पाठ करा.

कृती: मशीन उघडा. मदरबोर्डवर आठ किंवा सोळा पायांची बायॉसची चिप शोधा. तिला चिमटा लावा, चिमट्याच्या वायरी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला जोडा, आतला मजकूर दोनदा वाचून घ्या आणि दोन्ही प्रती तंतोतंत जुळतात का ते बघा. जुळल्या नाहीत तर चिमटा नीट बसलेला नाही, पुन्हा लावा. जुळल्या तर लिब्रेबूट हा मुक्त बायॉस चढवा. मग आतलं इंटेलचं वायफाय कार्ड काढून ॲथेरॉसचं जुनं कार्ड बसवा, कारण त्याला बंद फर्मवेअर लागत नाही. कंपनीचा मूळ बायॉस परकं कार्ड दिसलं की मशीन सुरूच होऊ देत नव्हता. लिब्रेबूटमध्ये ती मनाई नाही. एवढं करून पडद्यावर अक्षरं उमटली तर चहा मागवा. नाही उमटली तरी मागवा.

हा खराखुरा धंदा आहे. इंग्लंडमध्ये एका छोट्या दुकानानं असेच जुने थिंकपॅड एक्स-६० सोडवून विकायला काढले आणि २०१३च्या डिसेंबरात फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशननं त्यांना स्वातंत्र्याचा आदर राखणारं यंत्र म्हणून प्रमाणपत्र दिलं. प्रमाणपत्र मिळवणारा तो पहिला लॅपटॉप. या वाटेवर फक्त एकच अडचण आहे: २००८ सालचे लॅपटॉप आता कुणी बनवत नाही.

दुसरी वाट: परदेशातून आणणं

अमेरिकेत सिस्टिम-७६, प्युरिझम, फ्रेमवर्क अशा कंपन्या लिनक्सवाल्यांसाठी किंवा दुरुस्तीवाल्यांसाठी नवी मशीनं बनवतात. आणायची म्हटली तर आधी भारतीय मानक ब्युरोकडे नोंदणी लागते. लॅपटॉप आणि त्याचा अडॅप्टर यांना ती २०१३ पासून सक्तीची आहे. मग वायफायच्या रेडिओची दूरसंचार खात्याकडून मंजुरी. ३ ऑगस्ट २०२३ रोजी सरकारनं लॅपटॉपच्या आयातीला परवान्याची अट घातली, बोंब झाल्यावर ती पुढे ढकलली आणि १ नोव्हेंबरपासून ऑनलाइन अर्ज करून मुभा घेण्याची पद्धत आणली. वर १८ टक्के जीएसटी. हे सगळं भरून आलेल्या मशीनची किंमत सांगितल्यावर समोरचा माणूस तुम्हाला शांतपणे विचारेल, “ट्रॅक्टरची टेलर किती पडंल?”

या वाटेबद्दल एवढं पुरे.

तिसरी वाट: स्वतः बनवणं

पहिल्यांदा हा हिशेब करा. समजा डब्याचा साचा, सर्किट बोर्डाचे पहिले नमुने आणि तपासण्या मिळून पन्नास लाख लागले. पन्नास हजार मशीनं खपली तर एका मशीनवर शंभर रुपयांचा बोजा. पाचशे खपली तर दहा हजारांचा. मशीन तेच, स्क्रू तेच. चिप बनवणाऱ्या कंपन्याही लाखाच्या पटीत मागणी नसेल तर फोन उचलत नाहीत आणि गोपनीयतेच्या करारावर सही केल्याशिवाय माहितीपत्रक देत नाहीत. त्या करारानंतर तुमचं खुलं हार्डवेअर तुम्हीच बंद केलेलं असतं. माल थोडा म्हणून महाग, महाग म्हणून खप थोडा. या चक्रात शिरायचं दार सगळ्यांना सापडतं.

अमेरिकेतल्या एका कंपनीनं २०१६ मध्ये टॅलोस नावाच्या पूर्ण तपासता येणाऱ्या मशीनसाठी लोकवर्गणी मागितली. लक्ष्य ३७ लाख डॉलर, जमले पाच लाखांच्या आसपास. त्यांनी पुढच्या वर्षी दुसरी आवृत्ती काढली आणि तिला थोडंच पण ठाम गिऱ्हाईक मिळालं. प्युरिझमनं २०१७ मध्ये लिब्रेम-५ या मुक्त फोनसाठी वीस लाख डॉलरहून जास्त गोळा केले आणि माल जानेवारी २०१९ला देतो म्हणून सांगितलं. कित्येकांना त्यानंतरही काही वर्षं थांबावं लागलं. पलूसच्या बागायतदाराला थांबणं नवं नाही, पण त्याची रीत वेगळी आहे: तो माल आधी देतो आणि पैशांसाठी थांबतो. आगाऊ पैसे देऊन मालासाठी थांबणारा माणूस तालुक्यात शोधायला जाऊ नका.

या वाटेनं आधी गेलेले

२००१च्या सुमाराला बंगळुरात भारतीय विज्ञान संस्थेतले काही प्राध्यापक आणि एन्कोअर सॉफ्टवेअर यांनी मिळून सिम्प्युटर आखला. हातात मावणारा, लिनक्सवर चालणारा, आराखडे खुले. उत्पादन करणाऱ्या कंपनीनं ठरलेलं परवाना शुल्क भरायचं. एक यंत्र साऱ्या गावानं वापरायचं, आणि ज्याची त्याची माहिती ज्याच्या त्याच्या स्मार्टकार्डावर. २००४ मध्ये तो दुकानात आला तेव्हा साधं मॉडेल दहा हजारांच्या आसपास होतं. पन्नास हजार खपतील अशी अपेक्षा होती. खपले काही हजार. खेड्यातल्या माणसाला यंत्र वाटून घ्यायचं नव्हतं, त्याला स्वतःचा मोबाइल हवा होता. तो मोबाइल स्वस्त होत होत दारापर्यंत आलाच होता.

आपल्या राज्यातलं उदाहरण रायगड जिल्ह्यातल्या खैराटचं. तिथल्या छोट्या प्राथमिक शाळेत २००७ मध्ये हिरव्या-पांढऱ्या एक्सओ लॅपटॉपचा प्रयोग झाला. ही ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ची मोहीम. शंभर डॉलरचं मशीन म्हणून तिचा गाजावाजा झाला होता. विक्रीला आलं तेव्हा ते १८८ डॉलरला पडत होतं. उन्हात वाचता येणारा पडदा, मुलांनी स्वतः उघडावं असं शरीर, वर मुक्त सॉफ्टवेअर. एवढं करूनही त्याच्या वायफाय चिपचं फर्मवेअर बंदच राहिलं, आणि मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी त्यावरून मोहिमेला फैलावर घेतलं. केंद्र सरकारनं ही योजना २००६ मध्येच नाकारली होती. जगभर मिळून वीस लाखांहून जास्त एक्सओ गेले, म्हणजे अपयश म्हणायलाही जीभ रेटत नाही. पण ते सगळे सरकारं आणि देणगीदारांनी घेतले, दुकानात जाऊन कुणी घेतला नाही.

यातून नवशिक्यानं काय घ्यावं? मोठं गिऱ्हाईक असेल तर हे जमतं. केरळातल्या सरकारी शाळा वर्षानुवर्षे लिनक्सवर चालतात, तेव्हा त्या राज्याला लॅपटॉप विकू पाहणाऱ्या कंपनीला आपल्या मशीनवर लिनक्स नीट चालेल याची काळजी मुकाट्यानं घ्यावी लागते. गूगलनं क्रोमबुकसाठी कोअरबूट हा खुला बायॉस निवडल्यामुळे तो इतक्या मशीनांत पोहोचला की सगळ्या चळवळीला मिळूनही ते साधलं नसतं. दोन्हीकडे अट घालणाऱ्याची पाटी मोठी होती. तुमची पाटी छोटी आहे. पलूस नगरपरिषदेकडे निविदा भरून बघायला हरकत नाही, फक्त निविदेत ऑपरेटिंग सिस्टीमचं नाव आधीच छापलेलं असतं.

खुलं किती ठेवावं

आर्डुइनो हा इटलीतला छोटा बोर्ड २००५ पासून पूर्ण आराखड्यासकट खुला आहे. पुण्याच्या तपकीर गल्लीत त्याच्या चिनी नकला मूळ बोर्डाच्या कितीतरी कमी भावात मिळतात, आणि त्या कायदेशीरही आहेत. फक्त नाव वापरायचं नाही. कारागीर, विद्यार्थी, शेतकरी यांचं भलं झालं. कंपनी मात्र शेवटी आपण विकत घेत असल्याचं २०२५च्या ऑक्टोबरात क्वालकॉमनं जाहीर केलं. रास्पबेरी पाय २०१२ मध्ये ३५ डॉलरला आला. त्याचं बूट फर्मवेअर बंद, सर्किटचे आराखडे अर्धेमुर्धे उघड. ती कंपनी जून २०२४ मध्ये लंडनच्या शेअर बाजारात दाखल झाली. अर्धं उघडं ठेवलं की शेअर मिळतात, पूर्ण उघडं ठेवलं की टाळ्या. तुमचा पिंड बघून ठरवा.

गिऱ्हाइकाशी बोलणं

लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करणारा येईल. त्याचा प्रश्न: “ह्यात कोरल चालतंय का?” नाही चालत. वर त्याच्याकडे मराठी फॉन्टचं जुनं पॅकेज आहे आणि ते चालायला पोर्टला एक डोंगल लावावं लागतं. ते डोंगल त्यानं मंगळसूत्रासारखं जपलंय.

खतदुकानदार येईल. “टॅली?” थेट चालत नाही. तुम्ही वाइन नावाच्या सॉफ्टवेअरबद्दल सांगायला सुरुवात कराल. वाइन हा शब्द ऐकून तो एकदम द्राक्षांच्या दराबद्दल बोलायला लागेल, आणि दुपार तिथंच संपेल.

‘आपले सरकार’ केंद्र चालवणारा येईल. त्याच्या अंगठ्याच्या यंत्राचं आणि डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर बहुतेक विंडोज नाहीतर अँड्रॉइड गृहीत धरून लिहिलेलं असतं. सरकारी पोर्टल एखाद्या दिवशी चालत नसेल तर दोष तुमच्या लिनक्सवर येईल. पोर्टल बंगळुरात, मुंबईत, दिल्लीत कुठं का अडकलेलं असेना.

या तिघांना तुमच्या मशीनमधलं बंद फर्मवेअर किती कमी आहे हे सांगू नका. ‘स्वातंत्र्य’ हा शब्द तर या तालुक्यात जपूनच वापरा. शेजारी कुंडल आहे. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील आणि जी. डी. बापू लाड यांच्या प्रतिसरकारचा तिथं ठिय्या होता. ज्याच्या आज्यानं इंग्रजांना बाजूला ठेवून गावाचे न्यायनिवाडे केले, त्याला तुम्ही वायफायच्या ड्रायव्हरमधली गुलामी समजावणार?

धीर

इथं प्रत्येक मार्गदर्शिकेत किर्लोस्करांचं नाव यावं असा संकेत आहे, आणि तो पाळायला कारणही आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं आणि १९०३ मध्ये विलायती नांगरांच्या धर्तीवर लोखंडी नांगर केला. लोखंडानं जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. नांगर खपायला दोन वर्षं गेली. पुढे औंधच्या राजांनी जागा दिली आणि १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. म्हणून धीर धरा. पण एक फरक लक्षात ठेवा: नांगर शेतात चालतो की नाही हे बांधावर उभं राहून दिसतं. मॅनेजमेंट इंजिन नसलेलं मशीन बांधावरून अगदी मॅनेजमेंट इंजिन असलेल्या मशीनसारखंच दिसतं.

जाहिरातही बेतानं करा. मालाची माहिती द्यायला किर्लोस्करवाडीतून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघाली आणि तिचं बघता बघता नामांकित मराठी मासिक झालं. एवढं वाङ्मय तयार करण्याची तुमची तयारी नसेल तर पत्रक छापून थांबा.

आता शेजारच्या दुकानात जा

रिवायंडिंगवाला काय करतो ते एक दिवस नुसतं बघा. जळालेली मोटार येते. तो ती उघडतो. जुन्या तारेचे वेढे मोजतो, गेज बघतो, वहीत लिहून ठेवतो. बेअरिंगवर ६२०५ असा आकडा असतो. तो आकडा सांगितला की बेअरिंग कुठल्याही दुकानात मिळतं, कुठल्याही कंपनीचं मिळतं आणि बसतं. कपॅसिटर मिळतो, बुशिंग मिळतं. मोटार कुणाचीही असो, उघडायला त्याला कुणाची परवानगी लागत नाही, आणि उघडल्यानंतर मोटारीच्या आतून कुणी विचारत नाही की तू कोण. कृष्णेला पाणी चढलं की काठावरच्या मोटारी घाईघाईनं वर काढाव्या लागतात. ज्या बुडतात त्या याच्याकडे रांगेत येतात. उन्हाळा, पूर, विजेचे झटके, सगळा हंगाम त्याचाच.

हे खुलं हार्डवेअर आहे. तालुक्यात ते पिढ्यान् पिढ्या नफ्यात चालू आहे. त्याला कुणी तसं म्हणालेलं नाही, एवढंच. त्याची मिळकत मोटार विकण्यातून येत नाही. प्रमाणित भाग, मोजता येणारं पोट आणि हाताशी असलेला माणूस यांतून येते. संगणकाच्या धंद्यात पहिल्या दोन गोष्टी चिपवाल्यांनी अडवून धरल्यात. तिसरी तुमच्याकडे आहे.

चालणारा माल

म्हणून लॅपटॉप कोपऱ्यात ठेवा आणि द्राक्षबागेत जा. पानावर ओलावा किती तास टिकला, रात्रीचं तापमान किती, पाऊस किती, यावर डाऊनी हा रोग येणार की नाही आणि औषध आज मारायचं की उद्या, हे ठरतं. त्यासाठीची हवामान यंत्रं बाजारात आहेत. बहुतेकांचा डबा विकत आणि माहिती वार्षिक वर्गणीवर. वर्गणी थांबली किंवा कंपनीनं सर्व्हर बंद केला की बागेत उरतो तो खांब. खांबाला चांगला गंज चढतो.

तुम्ही तोच डबा ईएसपी-३२ या काहीशे रुपयांच्या चिपवर करा. तिच्या रेडिओतही थोडं बंद फर्मवेअर आहे. प्रमाणपत्र देणारे रागावतील, बागायतदार रागावणार नाही. माहिती त्याच्या स्वतःच्या फोनवर किंवा घरातल्या एखाद्या जुन्या लॅपटॉपवर साठवा. तो कोपऱ्यात ठेवलेला थिंकपॅड इथं विका. बाग घरापासून लांब असेल तर ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात परवाना न काढता लोरा हा लांब पल्ल्याचा रेडिओ वापरता येतो. सर्किटचा नकाशा झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. रिवायंडिंगवाल्यालाही एक प्रत द्या. तुम्ही गावाला गेलात तर डबा तोच दुरुस्त करेल, आणि त्यानं पैसे घेतले तर घेऊ द्या.

शेतकरी असं यंत्र घेत नाही असं कुणी म्हणालं तर त्याला पुण्याच्या संतोष ओस्तवालांचं ‘नॅनो गणेश’ दाखवा. मोबाइलवरून पंप चालू-बंद करायचा डबा. आराखडा खुला नव्हता, पण गरज नेमकी ओळखली होती: वीज रात्री-बेरात्री येते आणि विहीर घरापासून लांब असते. आज मोबाइल स्टार्टर हा शब्द कुठल्याही वस्तीवर समजावून सांगावा लागत नाही.

माल ऑक्टोबरच्या छाटणीआधी तयार ठेवा. छाटणीनंतर बागायतदाराला हवामानाशिवाय दुसरा विषय नसतो, आणि डबा त्याच आठवड्यात हवा असतो. सेन्सर जास्तीचे ठेवा. पानाच्या ओलाव्याचा सेन्सर औषधाच्या फवाऱ्यानं खराब होतो. तुमचा खरा गल्ला त्या सेन्सरमध्ये आहे.

उधारी

द्राक्षाचे पैसे माल उतरल्यावर येतात, उसाचं बिल कारखान्याच्या मर्जीनं. दोन्ही मुक्त सॉफ्टवेअरच्या कक्षेबाहेर आहेत. उधारी लिब्रेऑफिसच्या तक्त्यात मांडायला हरकत नाही, पण वसुलीला जाताना कागदी वही घेऊन जा. तक्त्यावर कुणी सही करत नाही.